इथे तुमचं गाणं कोणी ऐकत नाही

मी आयुष्यात खोटं पुष्कळदा बोललो आहे, सगळे बोलतात तेवढं. पण एक खोटं मी दोन दिवस विचार करून, तीनदा खोडून, स्पेलिंग तपासून लिहिलं होतं. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका सायबर कॅफेत बसून ते लिहिलं आणि इंग्लंडमधल्या एका माणसाला पाठवलं. त्या माणसाने माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट दोन-तीन वर्षं मी जे काही मिरवलो ते सगळं त्याचंच होतं. ही गोष्ट मी आजवर तिघांना सांगितली आहे आणि तिघांनाही फार उशिरा.

माझे वडील बँकेत होते. बदली होऊन साताऱ्याहून उज्जैनला आले आणि पुढच्या बदलीच्या आधीच त्यांनी माधव नगरात घर बांधून टाकलं. आई घरी गाणं शिकवायची. दुपारी चारपासून मुली यायच्या, त्यातल्या निम्म्या मराठी, निम्म्या हिंदी, आणि आई सगळ्यांना एकाच वाक्यात दोन्ही भाषांत रागवायची. तिचा एक नियम होता. बंदिश गायच्या आधी ती कोणाकडून मिळाली ते सांगायचं. नाव घेताना कानाला हात लावायचा. सात-आठ वर्षांच्या पोरीसुद्धा न चुकता कानाला हात लावायच्या. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाची वही उघडून हे रोज ऐकत होतो, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मला गिटारचं वेड लागलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. तेव्हा इंटरनेटवर एक साइट होती, तिच्यावर जगभरातले लहानसहान बँड आपापली गाणी ठेवायचे. एक गाणं उतरवायला अर्धा-पाऊण तास लागायचा. मी कॅफेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गाणं लावून ठेवायचो आणि बाहेर कचोरी खाऊन यायचो. अशाच एका दुपारी तो बँड मला सापडला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि नेमक्या याच गोष्टीचा मी पुढे फायदा घेतला.

ते गाणं नऊ मिनिटांचं होतं. सुरुवातीला एकच गिटार, कोणीतरी पायरीवर बसून स्वतःशीच वाजवतंय असं. मग चौघे एकदम तुटून पडतात आणि गाणारा गात नाही, ओरडतो, गळ्याला इजा होईल असा ओरडतो. मग सगळं थांबतं. पंधरा-वीस सेकंद काही म्हणजे काहीच नाही. आणि त्यानंतर तोच माणूस इतक्या हळू गातो की मला कानावरचा हेडफोन हाताने दाबून धरावा लागला. या प्रकाराला पोस्ट-हार्डकोर म्हणतात आणि गाण्याच्या लांबलचक, वळणावळणाच्या बांधणीमुळे त्यात प्रोग्रेसिव्ह रॉकही आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पाय ठेका धरतो आहे आणि दर वेळी चुकतो आहे.

मी ते सीडीवर घालून घरी आणलं. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. दोन मिनिटं ऐकून तिथूनच म्हणाली, "रूपक आहे रे हा."

मी हसलो. ती हात पुसत बाहेर आली. "त्याचं ओरडणं सोडून दे. खाली मोज. तीं तीं ना, धी ना, धी ना. सात मात्रा. बरोबर आहे की नाही?"

बरोबर होतं. इंग्लंडमधल्या चार पोरांनी नऊ मिनिटं रूपक धरून ठेवला होता. त्याच रात्रीच्या जेवणात वडिलांनाही हे सांगून झालं आणि वडील म्हणाले की मग ओरडतो कशाला.

बँडच्या पानावर एक ईमेल दिलेला होता. मी लिहिलं की मी भारतातल्या उज्जैन नावाच्या गावात राहतो, तुमच्या गाण्याचा ताल आमच्याकडच्या एका तालासारखा आहे असं माझी आई म्हणते. चार दिवसांनी उत्तर आलं. ते त्या पायरीवर बसल्यासारखं वाजवणाऱ्या गिटारवाल्याचं होतं. त्याने लिहिलं होतं की त्यांच्याबद्दल आजवर जेवढं काही लिहून आलं त्यात हे सगळ्यात चांगलं वाक्य आहे, आणि आईला नमस्कार सांग.

मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. दीड-दोन वर्षं चालला. त्यातून मला त्या बँडची सगळी हकीकत कळत गेली. चौघे एकाच शाळेतले. इंग्लंडच्या उत्तरेकडे जुन्या कापडगिरण्यांचं एक गाव होतं, गिरण्या कधीच्या बंद पडलेल्या. आमच्याकडच्या गिरण्याही बंदच पडल्या होत्या, तेव्हा त्याला काय म्हणायचं आहे ते मला समजावून सांगावं लागलं नाही. पहिली गाणी त्यांनी ड्रमरच्या काकांच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केली आणि कॅसेटची कव्हरं हाताने छापली. दुसरी रेकॉर्ड म्हणजे एकच चाळीस मिनिटांचं गाणं, गिरणीच्या शेवटच्या दिवसाबद्दल. ज्यांना ते आवडलं त्यांना फारच आवडलं, पण असे लोक गावोगाव पाच-पाच, दहा-दहा. ते एका जुन्या व्हॅनमधून फिरायचे, पबच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये वाजवायचे, एखाद्या मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास मिळाला तर तेवढा. एकदा खोलीत त्यांच्यापेक्षा कमी माणसं होती, आणि त्यातला एक जण खोलीला कुलूप लावायला थांबलेला. हे त्याने हसण्यावारी लिहिलं होतं.

मी त्याला विचारलं की त्या नऊ मिनिटांच्या गाण्यात गिटारच्या तारा कशा लावल्या आहेत. त्याने सगळं लिहून पाठवलं. कोणती तार कुठपर्यंत उतरवायची, डावा हात कुठे, थांबायचं तिथे मनात किती मोजायचं. नंतर पोस्टाने सीडीही पाठवली, सोबत हाताने काढलेला तारांचा नकाशा. त्याने बदल्यात एकच गोष्ट मागितली. वाजव, आणि लोकांना कसं वाटलं ते मला कळव.

आमचा बँड तिसऱ्या वर्षी जमला. मी गिटारवर आणि गायला, वर्गातला एक जण बेस गिटारवर, आणि ड्रमवर माझा मित्र. त्याच्याबद्दल सांगायला हवं. त्याच्या वडिलांचा लग्नाच्या वरातीत वाजवणारा बँड होता, शहरातला नावाजलेला. तो आमच्या कॉलेजात नव्हता. बारावीनंतर वडिलांबरोबर वाजवायला लागला होता. ताशा त्याच्यासारखा वाजवणारा मी अजून पाहिलेला नाही. त्यांच्या दुकानामागे सामान ठेवायची खोली होती. तुताऱ्या, मोठे पितळी भोंगे, खुंटीला टांगलेले लाल कोट, भिंतीला टेकवलेली दिव्यांची झुंबरं. वरातीला संध्याकाळी जायचं असे, म्हणून दुपारी ती खोली आमची. एक जुना ड्रम सेट त्याने कुठूनसा मिळवून आणला होता.

पहिल्या दिवशी मी ते गाणं वाजवून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "ये किसका है?"

खरं नाव ओठांवर होतं. पण तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता तसं त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "अपना है. मैंने बनाया."

ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर परत घेतलंही नाही, आणि त्यासाठी माझ्याजवळ भरपूर दुपारी होत्या. आम्ही चार महिने सराव केला. मी हिंदीत शब्द लिहिले, बंद गिरणीच्या भोंग्याबद्दल. शब्द तेवढे माझे होते, तेही बरे नव्हते. सात मात्रा त्याला शिकवाव्या लागल्या नाहीत. आणि मध्ये जिथे सगळं थांबतं, ते पंधरा-वीस सेकंद त्याला सहन होईनात. तो म्हणाला की इतका वेळ गप्प बसलं तर पब्लिक समजेल लाइट गेली. म्हणून त्या जागेत त्याने ताशाची एक चाल घातली. आधी काठीच्या टोकाने अगदी बारीक, मग वाढत वाढत, पण शेवटी फुटायच्या ऐवजी पुन्हा मिटत जाणारी. नवरदेव घोडीवर चढायच्या आधी त्याचे वडील असं काहीतरी वाजवायचे. ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. मी त्याला सांगितलं, ठीक आहे, राहू दे. म्हणजे गाणं माझ्या मालकीचं असल्यासारखी मी परवानगी दिली.

कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात ते आम्ही वाजवलं. पहिली तीन मिनिटं पोरं हसत होती, कोणी शिट्ट्या मारत होतं. ताशा सुरू झाला आणि सगळं सभागृह गप्प झालं. पुढच्या आठवड्यात मुलं कॅन्टीनमध्ये टेबलावर सातचा ठेका वाजवत होती. स्थानिक हिंदी पेपरमध्ये आमचा फोटो आला, मधोमध मी. बातमीत माझं नाव संगीतकार म्हणून. नंतर इंदूरला एका स्पर्धेत आम्ही पहिले आलो. स्पर्धेचा नियमच होता की रचना स्वतःची हवी. अर्जावर सही मी केली.

आईने पेपर देवाजवळ ठेवला. मग मला बोलावून विचारलं, "चाल तुझी आहे ना?"

"हो."

"मला वाटलं त्या इंग्रज मुलांची आहे. रूपक आहे म्हणून म्हटलं."

"ताल तोच आहे. चाल माझी."

तिने विश्वास ठेवला. आई भोळी नव्हती, तिचा कान तर नव्हताच भोळा. तिने विश्वास ठेवायचं ठरवलं असावं. आणि पुढे तिने काय करावं? त्या गाण्याचा हळुवार भाग तिने आपल्या मुलींना शिकवला. त्यावर स्वतः मराठीत चार ओळी बांधल्या, गणपतीच्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दहा-बारा मुली परकर-पोलक्यात उभ्या राहिल्या आणि गायच्या आधी त्यांच्यातली सगळ्यात लहान पुढे येऊन म्हणाली की ही चाल आमच्या बाईंच्या मुलाची. असं म्हणून तिने कानाला हात लावला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी उठून बाहेर गेलो आणि चपला शोधायचं निमित्त करून आरती होईपर्यंत तिथेच राहिलो.

याच दिवसांत इंग्लंडहून ते पत्र आलं.

बँड अडचणीत आहे हे मला माहीत होतं. तिसरी रेकॉर्ड काढल्यावर गाणाऱ्याचा आवाज गेला. डॉक्टरांनी त्याला कित्येक महिने बोलायलाही मनाई केली. गिटारवाल्याने स्वतः गाऊन काही कार्यक्रम निभावून नेले, पण ते ओरडणं त्याला जमेना. बेसवाल्याला मूल झालं आणि तो व्हॅनमधून फिरायला नाही म्हणाला. आता त्याने लिहिलं होतं की ते चौघे भेटले होते आणि थांबावं की थांबू नये यावर बोलणं झालं. दोघे थांबू म्हणाले, एक जण काहीच म्हणाला नाही. राहिला तो. त्याने मला अगदी साधा प्रश्न विचारला होता. तू इतक्या लांब आहेस, तुला आमच्या भिडेखातर काही बोलायचं कारण नाही. खरं सांग. तू ते गाणं कोणासमोर वाजवलंस का? तुझ्या गावात आमचं गाणं कोणी ऐकतं का?

मी दोन दिवस त्या प्रश्नाभोवती फिरत राहिलो. खरं उत्तर असं होतं की तुमच्या गावात ऐकली नसेल इतक्या माणसांनी इथे तुमची चाल ऐकली आहे. पोरं ती टेबलावर वाजवतात. लहान मुली ती देवापुढे गातात. हे त्याला लिहिलं असतं तर त्याने आनंदाने विचारलं असतं की रेकॉर्डिंग पाठव, पेपरचं कात्रण पाठव. आणि कात्रणात माझं नाव होतं.

तेव्हा मी लिहिलं की तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगतो. इथे तुमचं गाणं कोणी ऐकत नाही. मी मित्रांना ऐकवून पाहिलं, त्यांना ते समजत नाही. मला मात्र ते नेहमी आवडेल. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं, त्याला बरं वाटावं म्हणून.

त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. दोन ओळींचं. स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, आईला नमस्कार. महिन्याभराने त्यांच्या पानावर सूचना होती की बँड बंद झाला आहे, शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच गावात, ज्या पबच्या खोलीत पहिला झाला होता तिथे. मी त्याला पुन्हा कधी लिहिलं नाही. त्यानेही नाही.

आमचा बँडही फार टिकला नाही. मी दुसरं गाणं करू शकलो नाही, हे उघड आहे. ड्रमर वर्षभर विचारत राहिला की अगला कब. मी परीक्षा, मग नोकरी, अशी कारणं देत गेलो. त्याने त्या वर्षी लग्नसराईतल्या कितीतरी वराती सरावासाठी सोडल्या होत्या आणि त्यावरून त्याचं वडिलांशी वाजलंही होतं. मी पुण्याला नोकरीला लागलो. सात-आठ वर्षांनी, वडील गेल्यावर, उज्जैनला परत आलो. आता एका खाजगी कॉलेजात शिकवतो. गिटार माळ्यावर आहे.

गेल्या वर्षी एका दुपारी, तास नसताना, मी त्या बँडचं नाव शोधलं. मधूनमधून शोधायचो, काही सापडायचं नाही. या वेळी सापडलं. कोणीतरी त्यांची तिन्ही रेकॉर्डं पुन्हा इंटरनेटवर आणली होती आणि सोबत गिटारवाल्याने बँडची संपूर्ण हकीकत लिहिली होती, गॅरेजपासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत. मी स्टाफरूममध्ये बसून वाचली. बहुतेक मला ठाऊक होती. बँड संपल्यावर त्याने गिटार एका शाळेला देऊन टाकली आणि तो फिरत्या वाचनालयाची गाडी चालवू लागला, हे नवीन होतं. शेवटाकडे एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं की थांबावं की नाही असं चाललं होतं तेव्हा सगळे आम्हाला धीर देत होते, म्हणजे खोटं बोलत होते. भारतातल्या एका मुलाने तेवढं खरं सांगितलं. त्याचं पत्र वाचून मी ठरवलं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी आजही त्याचा आभारी आहे.

शेजारच्या मॅडमनी विचारलं की सर, तब्येत ठीक आहे ना. मी त्यांना म्हटलं की ऊन लागलं असेल. तेव्हा डिसेंबर होता.

त्या संध्याकाळी मी त्याला लिहिलं. या वेळी खोडाखोड केली नाही. गाणं चोरलं, स्पर्धेच्या अर्जावर सही केली, आईशी खोटं बोललो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा स्वतःला वाचवण्यासाठी तुम्हाला बुडवलं, असं सरळ लिहिलं. माफी मागितली, पण माफ करा असं लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर त्याच्याकडे पुन्हा काहीतरी मागितल्यासारखं झालं असतं.

तीन आठवडे काही आलं नाही. मग आलं. त्याने लिहिलं होतं की तो रागावला आहे, आणि या वयात कोणावर इतकं रागवायची सवय राहिली नाही म्हणून उत्तराला वेळ लागला. बँड तुझ्यामुळे बंद पडला नाही, तो पडणारच होता. पण इतकी वर्षं मी गाडी चालवताना हे मनात घेऊन फिरलो की ते कुठेच पोचलं नाही. ते तू मला सांगू शकत होतास. शेवटी विचारलं होतं, रेकॉर्डिंग आहे का?

होतं. इंदूरच्या स्पर्धेचं, कोणाच्या तरी हॅंडीकॅमवरचं, आवाज फुटलेला. मी पाठवलं. उत्तर त्याच दिवशी. माझ्या गाण्याबद्दल, गिटारबद्दल एक शब्द नव्हता. त्याने विचारलं होतं, ड्रमवर कोण आहे? आम्ही जी जागा रिकामी सोडली तिथे हे जे त्याने वाजवलं आहे ते काय आहे? आम्हाला तिथे काय हवं होतं ते आम्हाला कधीच सापडलं नाही, म्हणून आम्ही गप्प राहायचो. हे त्याला सांग.

सांगायचं म्हणजे आधी सगळं सांगावं लागणार होतं.

ड्रमर आता उज्जैनमध्येच, नानाखेड्याला राहतो. वडिलांचा बँड तोच चालवतो, साउंड सिस्टिमचंही काम करतो. आम्ही अधूनमधून भेटायचो, लग्नाकार्यात, पेट्रोल पंपावर. मी सकाळी अकराच्या सुमाराला गेलो. तो अंगणात ताशावरचं कातड्याचं पान ताणत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. सगळं सांगितलं. तो पान ताणत राहिला. मध्ये एकदा त्याचे हात थांबले, ते मी अर्जावरच्या सहीचं बोललो तेव्हा.

मग तो म्हणाला, "मैंने तो सबको बता रखा है कि अपना गाना था."

त्याने पान आणखी ताणलं.

"पापा को भी. उनको अच्छा लगा था वो गाना. उनसे उस टाइम बोलचाल बंद थी, फिर भी इंदौर आए थे सुनने. पीछे खड़े थे." मग त्याने विचारलं, "बीच वाला भी उनका था? ताशा?"

"नाही. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. ताशा तुझा." मी मराठीतच बोललो, आम्ही नेहमी असेच बोलायचो, तो हिंदीत आणि मी जमेल त्या भाषेत. मग फोन काढून मी त्याला ते पत्र वाचून दाखवलं, प्रत्येक वाक्य हिंदीत करून.

त्याने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग उठून आत गेला. मला वाटलं पाणी आणायला गेला. तो बाहेर आला नाही. थोड्या वेळाने त्याची बायको आली आणि म्हणाली, भैया, ते आज कामात आहेत. मी परत आलो.

आईला मी शेवटी सांगितलं. ती आता कमी शिकवते, गुडघ्यांमुळे. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल किंवा रागवेल. ती म्हणाली, "त्या पोरींतल्या दोघी आता स्वतः शिकवतात. त्या ही चाल तुझ्या नावाने शिकवत असतील. मी त्यांना फोन करते." आणि तिने चष्मा लावून खरंच फोन केले, माझ्यासमोर. प्रत्येकीला सांगितलं की माझ्याकडून चूक झाली, मी चुकीचं नाव सांगितलं. माझ्याकडून, असं म्हणाली. मी मध्ये बोलू लागलो तर हाताने थांबवलं.

ड्रमरचा फोन दोन महिन्यांनी आला, लग्नसराई संपल्यावर. आवाजात काही राग नव्हता, काही ओलावाही नव्हता. त्याला त्या गिटारवाल्याशी बोलायचं होतं. त्याला इंग्रजी येत नाही आणि फोनमधलं भाषांतर त्याला पटत नाही, ताल-बोलांचं काहीतरी भलतंच करतं. तेव्हा मी लिहून द्यावं.

"पर एक बात है," तो म्हणाला. "जो मैं बोलूँ वही लिखना. अपनी तरफ़ से कुछ मत डालना."

तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी मी नानाखेड्याला जातो. तो अंगणात बसून वाजवतो, मी फोनवर रेकॉर्ड करतो आणि तो सांगेल ते लिहितो. तिकडून गिटारवाला एखादा तुकडा पाठवतो, शाळेकडून त्याने गिटार परत मागून आणली आहे म्हणे, आठवड्यातून एक दिवसापुरती. दोघांचं काय चाललं आहे ते मला नीट कळतं, पण मला कोणी काही विचारत नाही. मागच्या वेळी गिटारवाल्याच्या पत्रात एका ठिकाणी माझा उल्लेख होता. त्याने लिहिलं होतं, भाषांतर करणाऱ्याला सांग की दुसऱ्या ओळीतला शब्द मला समजला नाही, त्याने तो पुन्हा विचारून घ्यावा. मी ते ड्रमरला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो म्हणाला, तो शब्द 'उठान' आहे, ताशा जिथून चढायला लागतो ती जागा. मी लिहून घेतलं आणि पाठवलं.